वेस्टर्न क्लासिकलमधलं आजचं संगीत ऐकायचंय? ठाणे-नवी मुंबईकरांनी सुरुवात कुठून करावी

पहिलीच गोष्ट सांगतो, मोझार्टपासून सुरुवात करू नका. मोझार्ट वाईट आहे असं नाही हो, पण ज्याचे कान राम मराठे महोत्सवात, नाट्यसंगीतात नि सकाळच्या आकाशवाणीवर तयार झालेत त्याला दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या व्हिएन्नातून आत शिरणं उलट जड जातं. तिथली निम्मी गंमत हार्मनीत आहे, म्हणजे एकाच वेळी वाजणारे सूर एका गटातून दुसऱ्या गटात कसे सरकतात त्यात, आणि आपल्या कानाला ते पकडायची सवयच नसते. त्यापेक्षा गेल्या साठ-सत्तर वर्षांतलं बरंचसं संगीत धरून ठेवलेला एक सूर, आवर्तनं, एकाच जागेभोवती रेंगाळणं यावर उभं आहे, आणि त्यातल्या काहींनी तर ते सरळ आपल्याकडूनच उचललंय. म्हणून हा लेख त्या नव्या संगीताबद्दल आहे, हयात असलेल्या किंवा परवापरवापर्यंत असलेल्या कंपोझर्सचं लेखन आणि ते वाजवणारी कॉन्झर्वेटरीत शिकलेली मंडळी.

कॉन्झर्वेटरी म्हणजे काय ते एका परिच्छेदात उरकतो. संगीताचं पूर्णवेळ कॉलेज. पॅरिसची १७९५ मध्ये सुरू झाली, लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक १८२२ मध्ये, न्यूयॉर्कची ज्युलिअर्ड १९०५ मध्ये. आपल्याकडे वाशीला गांधर्व महाविद्यालयात लोक नोकरी सांभाळून संध्याकाळी येतात नि विशारद-अलंकार करतात, इथे तसं नाही, चार-चार वर्षं दिवसभर तेच, वर एकट्याने स्टेजवर बसून द्यायची फायनल रिसायटल. चेन्नईला ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये सुरू केलेली केएम म्युझिक कॉन्झर्वेटरी आहे, तिथे वेस्टर्न आणि हिंदुस्थानी दोन्ही शिकवतात. बाकी घराणं नि गुरू यांच्याऐवजी हे लोक कॉलेज नि टीचर सांगतात, बायोडेटात पहिल्या ओळीत तेच असतं.

आधी टाळ्या

काही ऐकायच्या आधी हे करून बघा, खर्च शून्य. घरातल्या एकाला समोर बसवा. स्टीव्ह राइश या अमेरिकन कंपोझरचं १९७२ चं ‘क्लॅपिंग म्युझिक’ आहे, दोन माणसं, चार हात, बास. बारा मात्रांचं आवर्तन, त्यात आठ टाळ्या आणि चार रिकाम्या जागा:

टा टा टा – टा टा – टा – टा टा –

दोघांनी आधी हे एकत्र पक्कं करायचं. मग एकाने हेच वाजवत राहायचं, काही झालं तरी बदलायचं नाही. दुसऱ्याने काही आवर्तनं झाल्यावर एक मात्रा पुढे सरकायचं, म्हणजे त्याचं होईल: टा टा – टा टा – टा – टा टा – टा. परत काही आवर्तनं, परत एक मात्रा पुढे. असं बारा वेळा सरकलं की दोघं पुन्हा एकत्र. मूळ रचना पाच मिनिटांच्या आत संपते, तुमची बहुधा पहिल्या सरकण्यातच कोसळेल, हरकत नाही.

आता यातली खरी गोष्ट. तुम्ही तबला-पखवाज ऐकणारे असाल तर बारा मात्रा म्हटल्यावर डोक्यात एकताल सुरू होतो आणि कान सम शोधायला लागतो, आणि इथे समच नाहीये! कुठल्याही मात्रेवर वजन द्यायचं नाही, पहिली टाळी आणि नववी जागा सारखीच. त्यामुळे होतं काय, की दोघं एक मात्रा वेगळे झाले की प्रत्येक वेळी सम दुसरीकडेच असल्यासारखी वाटते, ऐकणाऱ्या दोन माणसांना ती दोन वेगळ्या ठिकाणी वाटू शकते. आपल्याकडे आवर्तन म्हणजे घरी परत येणं, इथे परत येणं तर होतं पण घर कुठलं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. हे एकदा हातांना कळलं ना, की नव्या संगीतातलं निम्मं ऐकायला सोपं जातं, म्हणून मी लोकांना आधी टाळ्या वाजवायला लावतो, मग लिंक पाठवतो. (हे आपल्याकडून गेलंय असं मात्र सांगत सुटू नका, राइश १९७० मध्ये घानाला जाऊन तिथलं ड्रमिंग शिकून आला होता.)

मग हे ऐका, शक्यतो याच क्रमाने

शोधताना यूट्यूबला मराठीत टाइप केलं तर सापडेलच असं नाही, माइक दाबून नाव बोला, ते बरोबर पकडतं.

पहिलं आर्वो पॅर्ट या एस्टोनियन कंपोझरचं ‘श्पीगेल इम श्पीगेल’, १९७८ चं, व्हायोलिन नि पियानो, साधारण दहा मिनिटं. पियानो तीन-तीन सुरांचा झुलता घोळ शेवटपर्यंत चालू ठेवतो. व्हायोलिनकडे लक्ष द्या. आधी दोनच सूर, मग त्याचंच उलटं प्रतिबिंब, मग एक सूर वाढवून तीन, मग चार, आणि दर वेळी मधल्या त्याच एका सुरावर परत. ख्यालात बढत करताना गवई एकेक सूर घेत वर जातो नि षड्जावर येऊन बसतो, अगदी त्याच कानाने ऐका. फक्त इथे एकही मींड नाही, गमक नाही, आणि कलाकाराने आपल्या मनाचं काही घालायचं नाही, सगळं लिहिलेलं. पहिल्यांदा ऐकताना ‘पुढे काहीतरी होईल’ म्हणून थांबू नका, हेच आहे.

दुसरं जॉन अॅडम्सचं ‘शॉर्ट राइड इन अ फास्ट मशीन’, १९८६, चार-साडेचार मिनिटांचं फुल ऑर्केस्ट्राचं धूमधडाका प्रकरण. लाकडी ठोकळ्याचा टकटक आवाज सुरुवातीला लागतो त्याला घट्ट धरून बसा नि बाकीचा ऑर्केस्ट्रा त्याच्या विरुद्ध कसा खेचतो ते बघा. पॅर्टनंतर लगेच लावलं तर झोप उडते.

तिसरं टेरी रायलीचं ‘इन सी’, १९६४. हे मला सगळ्यात आवडतं. स्कोअर, म्हणजे लिहून दिलेलं संगीत, एक पान फक्त, त्यावर ५३ छोटे तुकडे. वाद्यं कुठलीही, माणसं कितीही, प्रत्येकाने तुकडे क्रमानेच वाजवायचे पण कुठला किती वेळा ते त्याचं त्याने ठरवायचं, अट एवढीच की बाकीच्यांपेक्षा फार पुढे जायचं नाही नि फार मागे राहायचं नाही. दिंडी चालते तसं चालतं ते. प्रत्येक ग्रुपचं वेगळं होतं, पाऊण तासही आणि दीड तासही, त्यामुळे दोन-तीन वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज ऐका. हाच रायली पुढे १९७० पासून किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, गुरू भारतीय नि शिष्य कॅलिफोर्नियाचा, वर्षानुवर्षं तंबोरा घेऊन मागे बसला. त्याच घराण्यातल्या भीमसेनजींचं गाणं ऐकत वाढलेल्या माणसाला हा पत्ता ओळखीचा वाटायला हरकत नाही.

फिलिप ग्लासचंही असंच, तो ज्युलिअर्डला शिकून पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकायला गेला होता आणि तिथेच साठच्या दशकाच्या मध्यात एका सिनेमासाठी पंडित रविशंकर यांचं संगीत नोटेशनमध्ये उतरवून द्यायचं काम त्याला मिळालं, अल्लारखाँसाहेबही होते. त्यातून त्याची लयीची समजच बदलली असं तो स्वतः सांगत आलाय. त्याचा ‘सत्याग्रह’ हा ऑपेरा १९८० मध्ये रॉटरडॅमला पहिल्यांदा झाला, विषय गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं, नि गायलंय सगळं संस्कृतात, शब्द भगवद्गीतेचे. डच लोकांनी गीता ऐकली आणि आपल्यातल्या बहुतेकांना पत्ताच नाही. पूर्ण ऐकायची गरज नाही, तिसऱ्या अंकाचा शेवट ऐका, गांधीजींचं पात्र एकच चढती ओळ परत परत परत गातं.

इथपर्यंत आलात तर आता थोडं अवघड घ्या. ओलिव्हिए मेसियाँ. पॅरिस कॉन्झर्वेटरीत शिकला, तिथेच अनेक वर्षं शिकवलं. त्याचं ‘क्वार्टेट फॉर द एन्ड ऑफ टाइम’ जर्मन युद्धकैदी छावणीत १५ जानेवारी १९४१ रोजी कैद्यांनीच कैद्यांसमोर वाजवलं, व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो, पियानो. ही गोष्ट सगळे सांगतात. कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की मेसियाँला एका फ्रेंच ज्ञानकोशात शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तली १२० देशी तालांची यादी सापडली होती नि तो आयुष्यभर त्यातून ताल घेत राहिला. या क्वार्टेटच्या पहिल्याच भागात पियानोच्या लयीत रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश हे ताल आहेत. आणि शार्ङ्गदेव कुठला? देवगिरीचा, यादवांच्या सिंघण राजाच्या पदरी होता, तेराव्या शतकात. आपल्या दौलताबादच्या किल्ल्याखालून निघालेला ताल सातशे वर्षांनी त्या छावणीत वाजला, आणि आपण म्हणतो हे संगीत आपलं नाही.

त्याच भागात अजून एक बघा. पियानोचं लयीचं आवर्तन १७ टप्प्यांचं आहे आणि सुरांच्या गटांचं २९ चं. म्हणजे लय संपून परत सुरू होते तेव्हा सूर अर्ध्यातच असतात. दोन्ही एकदम पहिल्या जागेवर यायला १७ गुणिले २९, म्हणजे ४९३ टप्पे लागतील, आणि तो भाग त्याच्या खूप आधी संपतो. ज्याला तिहाई येईल नि सम गाठेल याची वाट बघायची सवय आहे त्याला हे अस्वस्थ करतं, करू दे.

जॉन केजबद्दल एक सूचना. त्याचं १९५२ चं चार मिनिटं तेहतीस सेकंद गप्प बसायचं प्रकरण व्हॉट्सअॅपवर चेष्टेत फिरत असतं, तिथून सुरुवात केलीत तर हे सगळं थोतांड आहे असं मत होईल. त्याऐवजी ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ ऐका, १९४६ ते ४८ मधलं. पियानोच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबर अडकवून वाजवायचं, मग पियानो जलतरंग, घुंगरू नि कुठलं तरी लाकडी वाद्य एकदम झाल्यासारखा वाजतो. विषय आपले नवरस, त्याने तसं स्पष्ट सांगितलंय. त्याच सुमारास अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला होत्या, त्यांनी केजला भारतीय संगीत शिकवलं नि त्याच्याकडून काउंटरपॉइंट, म्हणजे दोन-तीन स्वतंत्र चाली एकाच वेळी गुंफायची पद्धत, शिकून घेतलं. फी कुणी कुणाला दिली नाही.

आता कुणी म्हणेल सगळे गोरेच का. तर वनराज भाटिया घ्या, मुंबईचे, लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेले, मग पॅरिसला त्याच नादिया बूलांजेंकडे. ‘भूमिका’, ‘मंथन’, ‘भारत एक खोज’ आणि लिरिलची जाहिरात, हे सगळं त्यांचं, म्हणजे तुम्ही कॉन्झर्वेटरीचा कंपोझर दूरदर्शनवर ऐकतच मोठे झालात. २०२१ मध्ये गेले. आणि आजच्यांपैकी रीना इस्माईल, ज्युलिअर्ड आणि येलला शिकलेल्या, मग भारतात येऊन हिंदुस्थानी शिकल्या. त्यांचं ‘मेरी सखी की आवाज’ ऐका, त्यात हिंदुस्थानी गायिका आणि वेस्टर्न सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी गायिका, ऑर्केस्ट्रासमोर शेजारी उभ्या राहतात. फ्यूजन म्हणून जे ठिगळ लावतात ना तसं नाही हे, दोघींच्या आवाज लावण्यातला फरकच रचनेचा विषय केलाय.

निव्वळ गळ्यांचं हवं असेल तर कॅरोलाइन शॉचं ‘पार्टिटा फॉर एट व्हॉइसेस’, आठ गळे, वाद्य एकही नाही, संगीताचं २०१३ चं पुलित्झर हे अमेरिकन पारितोषिक याला मिळालं नि तेव्हा ती तिशीत होती, तोवरची सगळ्यात तरुण. बोलणं, कुजबुज, घशातून काढलेले आवाज, मधेच चर्चमधल्यासारखा सुरेल स्फोट.

कुठे नि कशावर ऐकायचं

लोकलमध्ये ऐकणार असाल, नि आपण सगळे तेच करतो, तर एक लक्षात ठेवा. सिनेमाचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळजवळ एकाच आवाजात मिक्स केलेलं असतं. या संगीतात हळू म्हणजे खरंच हळू, मोठं म्हणजे कान बधिर. ठाणे-दिवा गर्दीत पॅर्ट लावलात तर पियानो गायब होईल, मग तुम्ही आवाज वाढवणार नि पुढच्या ट्रॅकला दचकून दरवाजातल्या माणसावर पडणार. लोकलला राइश, रायली, ग्लास चालतात, त्यांचा आवाज सलग असतो. राइशचं ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’, १९७६ चं, तासाभराचं, ठाण्याहून सीएसएमटीला जाईपर्यंत जवळजवळ पुरतं. पॅर्ट, मेसियाँ, केज घरी, रात्री, पंखा एकवर ठेवून.

राइशचंच ‘डिफरंट ट्रेन्स’ मात्र रेल्वेचं असूनही घरी ऐका. राइश लहानपणी १९३९ ते ४२ दरम्यान आई-वडील वेगळे राहत असल्याने न्यूयॉर्क-लॉस एंजेलिस ट्रेनने जायचा-यायचा. पुढे त्याला जाणवलं की आपण ज्यू, त्याच वर्षांत युरोपात असतो तर वेगळ्याच गाडीत चढवलं असतं. खऱ्या माणसांच्या रेकॉर्ड केलेल्या बोलण्यातला चढउतार जसाच्या तसा व्हायोलिन-चेलोवर येतो. पहिल्या भागात डब्यातल्या डब्यात मस्त वाटतं, दुसऱ्या भागात पोटात गोळा येतो.

प्रत्यक्ष कार्यक्रम शोधणं

खरं सांगायचं तर ठाण्यात नि नवी मुंबईत हे क्वचितच होतं. त्याचं कारण रसिक नाहीत हे नाही. गडकरी, घाणेकर, वाशीचं विष्णुदास भावे ही नाटकाची थिएटरं, तिथे आवाज माइकवरून स्पीकरमध्ये जातो. या लोकांना माइक नको असतो, हॉलनेच आवाज पोचवायचा असतो. शिवाय ग्रँड पियानो पाहिजे, तो आणायचा, दमट हवेत ट्यून करायचा, परत न्यायचा, तिकीट किती लावणार? त्यामुळे जवळपास जे होतं ते क्लासेसच्या मुलांचे रिसायटल, शाळेच्या हॉलमध्ये किंवा सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, आणि ते चुकवू नका. घरापासून चालत जाता येतं, फुकट असतं, आणि टीचर स्वतः शेवटी एखादी रचना वाजवतात ती बऱ्याचदा ऐकण्यासारखी असते. क्लासच्या बाहेरच्या नोटीस बोर्डवर किंवा त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळतं, विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही.

मोठं ऐकायचं तर एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, नरिमन पॉइंट. तिथला टाटा थिएटर १९८० मध्ये सुरू झाला, आर्किटेक्ट फिलिप जॉन्सन नि आवाजाचं गणित सिरिल हॅरिस यांचं, माइकशिवाय बोललेलं मागच्या रांगेत ऐकू यावं असाच बांधलाय. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया तिथलाच, २००६ मध्ये सुरू झाला, त्यांचे मुख्य सीझन साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये. झाकीरभाईंचा तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीचा ‘पेशकार’ हा कॉन्चेर्टो याच ऑर्केस्ट्राने लिहून घेतला नि २०१५ मध्ये इथेच पहिल्यांदा वाजला. म्हणजे नवीन संगीताचा प्रीमिअर बघायला लंडनला जायची गरज नव्हती, चर्चगेटला जायची होती. गिरगावचं रॉयल ऑपेरा हाउस २०१६ पासून परत सुरू आहे. काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवनचे कार्यक्रम असतात, त्यावरही नजर ठेवा, युरोपातले तरुण ग्रुप दौऱ्यावर आले की अशा ठिकाणी छोट्या हॉलमध्ये वाजवतात.

कार्यक्रमपत्रिका कशी वाचायची: आधी कंपोझरच्या नावापुढची वर्षं बघा, जन्मसाल आहे नि दुसरा आकडा नाही म्हणजे माणूस हयात. मग वाद्यं, मग किती मिनिटं, मग भाग किती. आयोजक नवी रचना बहुधा मध्यंतराच्या आधी, दोन ओळखीच्या रचनांच्या मधे घालतात, कारण शेवटी ठेवली तर निम्मे लोक पार्किंगकडे पळतात. म्हणजे तुम्ही उशिरा पोचलात तर नेमकी तीच चुकते.

पियानो असेल तर प्रेक्षकांच्या डाव्या बाजूचं तिकीट घ्या, हात दिसतात, आणि नव्या संगीतात हात दिसणं फार महत्त्वाचं, तारांत हात घालून छेडतायत की पट्ट्या दाबतायत हे कळलं पाहिजे. तीन-चार जणांचा ग्रुप असेल तर शक्य तितकं पुढे. पूर्ण ऑर्केस्ट्राला मात्र बाल्कनीचं स्वस्त तिकीटच बरं, वरून कोण कधी वाजवतंय ते नकाशासारखं दिसतं नि आवाजही मिसळून येतो.

जाणं-येणं

रविवारचा कार्यक्रम असेल तर आधी मेगाब्लॉक बघा, मग तिकीट काढा. ब्लॉक साधारण अकरा ते चार असतो, संध्याकाळच्या कार्यक्रमाला निघायची वेळ नेमकी त्यात सापडते, मेन लाइनला असो वा हार्बरला. वाशी-नेरूळकरांनो, हार्बरचा ब्लॉक असेल तर ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन मेन लाइन पकडा, वेळ जातो पण पोचता. सीएसएमटीहून टॅक्सी, बेस्टची बस किंवा आता मेट्रो ३ ने विधान भवन स्टेशन नि तिथून चालत. परतीची शेवटची मेट्रो आणि तुमची लोकल दोन्ही आधी बघून ठेवा, कारण एन्कोअर, म्हणजे टाळ्यांनंतरची जादाची रचना, वाजला तर वीस मिनिटं सहज जातात नि डोंबिवली-बदलापूरपर्यंत जाणाऱ्यांची मध्येच चुळबुळ सुरू होते. उलवे-पनवेलकडचे चार जण मिळून गाडीने अटल सेतूवरून जातात, टोल वाटून घेतला तर परवडतं. सप्टेंबरचा सीझन नि गणपती एकत्र आले तर विसर्जनाच्या दिवसाचं तिकीट काढूच नका, गिरगाव-मरीन ड्राइव्हचे रस्ते बंद असतात. खाऊन जा. सीएसएमटीसमोर वडापाव खाऊन गेलेला माणूस मेसियाँ जास्त शांतपणे ऐकतो.

हॉलमध्ये

कपड्यांचं टेन्शन घेऊ नका, चप्पल नि बर्म्युडा सोडून काहीही चालतं. स्वेटर किंवा शाल घ्या, एसी फार असतो.

आपल्याकडे चांगली जागा आली की ‘क्या बात है’ म्हणणं ही दाद असते, न दिली तर गवयाला वाटतं लोक झोपले. इथे उलट, पूर्ण संपेपर्यंत गप्प. एक भाग संपला की टाळी नाही, सगळे भाग संपल्यावर. नव्या रचनेत संपलं की नाही हे कळतच नाही, शेवटी दहा-पंधरा सेकंद नुसतं शांत असणं हाही रचनेचा भाग असू शकतो, तेव्हा कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत किंवा वादकाने बो, म्हणजे गज, पूर्ण उतरवेपर्यंत थांबा. शेजारच्याने टाळी वाजवली म्हणून वाजवू नका, तोही नवीन असू शकतो.

सुरुवातीला ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य एक लांब सूर देतं नि सगळे त्यावर लावून घेतात, ते कार्यक्रमात धरायचं नाही. पण नंतर व्हायोलिनवाला बोच्या लाकडाने तारेवर टकटक करेल, घोडीच्या अगदी जवळ घासून काचेसारखा आवाज काढेल, बासरीत नुसती हवा फुंकतील, तेव्हा काहीतरी बिघडलंय असं समजून बायकोकडे बघू नका, तसं लिहिलेलं असतं. अशा वेळी एकच काम करा, तो आवाज परत कधी येतो ते शोधा. पहिल्यांदा आला तेव्हा अपघात वाटतो, तिसऱ्यांदा येतो तेव्हा लक्षात येतं की हाच मुखडा आहे. ‘समजलं का’ हा प्रश्न बाजूला ठेवा, ‘काय परत आलं’ एवढंच विचारा. आणि नाही आवडलं तर नाही आवडलं, सगळं नवं चांगलं असतं असं अजिबात नाही, बरंच कंटाळवाणं असतं नि त्याला टाळ्या सभ्यपणे पडतात.

मध्यंतरात किंवा नंतर वादक लॉबीत दिसले तर जाऊन बोला. तरुण कॉन्झर्वेटरीवाल्यांना ‘खूप छान’ ऐकून कंटाळा आलेला असतो, ‘तो मधला खरखरीत आवाज कसा काढला’ विचारलं तर वाद्य काढून दाखवतात.

घरबसल्या ऐकायचं तर लंडनचा विगमोर हॉल नि मोठ्या कॉन्झर्वेटरी कार्यक्रम ऑनलाइन दाखवतात. तिथली दुपारी एकची मैफल म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेपाच नि हिवाळ्यात साडेसहा, ऐरोलीच्या ऑफिसातून निघायची वेळ. तिथली संध्याकाळची साडेसातची मैफल म्हणजे आपली मध्यरात्र, ती दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगवर.

घरात कुणी शिकत असेल तर

ठाण्यात-वाशीत हजारो घरांत पोरं ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संगीत परीक्षा मंडळांच्या ग्रेड देतात, आठपर्यंत. परीक्षेच्या रचनांच्या यादीत हयात कंपोझर्सच्या रचना असतात, एबीआरएसएमच्या सी यादीत जास्त. टीचर बहुतेक वेळा सोपी नि मार्क मिळवून देणारी सुचवतात, तुम्ही एक नवी मागून घ्या. मुलं ती जास्त आनंदाने वाजवतात असा माझा अनुभव आहे, कारण त्यांनी आधी कुणाकडून ‘असंच वाजलं पाहिजे’ हे ऐकलेलं नसतं.

पुढे परदेशी कॉन्झर्वेटरीचा विचार असेल तर बारावीच्या निकालाची वाट बघत बसू नका. ब्रिटनमधल्या बहुतेक कॉन्झर्वेटरींचे अर्ज यूकॅस या तिथल्या प्रवेश-अर्जांच्या यंत्रणेच्या कॉन्झर्वेटरी विभागातून जातात नि संगीतासाठीची मुदत प्रवेशाच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपते, म्हणजे दहीहंडीच्या आसपास तुमच्या रचना ठरलेल्या हव्यात. ऑडिशनला वेगवेगळ्या काळातल्या रचना मागतात, त्यामुळे एखादी गेल्या पन्नास वर्षांतली तयार असेल तर ती उपयोगी पडते. व्हिडिओ पाठवायचा असेल तर सलग एका टेकमध्ये, हात आणि चेहरा दोन्ही दिसतील असा, पंखा नि एसी बंद करून. वरच्या मजल्यावर फ्लॅटचं काम चालू असेल तर रविवारी दुपारी करा, सोसायटीत ड्रिलिंगला तेव्हा तरी बंदी असते.